घडीचे पंख

माघ सरत आला की खंडाळ्याच्या तहसील कचेरीसमोरील माझ्या टेबलावर तासगावहून एक पुठ्ठ्याचा खोका येतो. तो एस.टी.च्या पार्सलने येतो. त्यावरचे माझे नाव सासूबाई कुणाकडून तरी लिहवून घेतात, आणि त्या अक्षराला मी दरवर्षी मनातल्या मनात नापास करतो. खोक्यात हंगामाचा पहिला बेदाणा असतो. दोरी सोडली की आधी गंधकाच्या धुरीचा उग्र वास नाकात चढतो, आणि त्याच्या मागून, मोठ्या माणसाच्या मागून लहान मूल डोकवावे तसा, सावलीत सुकलेल्या द्राक्षाचा गोड वास येतो. हा वास आला की समोर बसलेल्या माणसाचा अर्ज माझ्या लेखणीखालीच थांबतो.

यंदाही तो थांबला. समोरचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले की वारसांत बहिणीचे नाव राहिले आहे. राहिलेले नाही, येत आहे, असे मी त्यांना सांगितले. परंतु त्या क्षणी मी खंडाळ्यात नव्हतोच. मी गेल्या वर्षीच्या हंगामात, सासुरवाडीच्या माळावर, बेदाण्याच्या शेडजवळ उभा होतो आणि माझ्या साडूच्या हातात एक मिटलेला पंख होता.

अर्जदाराने आपला परिचय आधी द्यावा, ही आमच्या व्यवसायाची रीत आहे. मी अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत शाळेने केले, त्यापुढचे कागदाने केले. पदवी घेतलेली माणसे माझ्यासमोरच्या बाकावर बसून माझे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहतात. एक निवृत्त मुख्याध्यापक तर लेखणी थांबली की श्वास रोखतात, हे मी पाहिले आहे. माणसाचे गाऱ्हाणे त्याच्या तोंडात असते तोवर ते नुसते रडणे असते. मी ते ‘सबब’ आणि ‘तरी’ यांच्या मध्ये बसवतो तेव्हा त्याला उभे राहण्याची जागा मिळते. हे काम सोपे नाही. तथापि ज्या घरात माझे लग्न झाले त्या घरात हे काम कुणाला समजावून सांगावे, असा प्रसंग कधी आला नाही.

साडू हे नाते मोठे विलक्षण आहे. त्यात रक्त नसते आणि निवडही नसते. एकाच उंबऱ्यावर दोन परक्या पुरुषांना उभे करून एकाच मापाने मोजले जाते, आणि माप सासूबाईंच्या हातात असते. थोरल्या मुलीचा नवरा म्हणून काही गोष्टी माझ्या ठरलेल्या आहेत. टॉवेल-टोपी प्रथम मला. पंगतीत पहिले पान माझे. खाटेवर उशाकडची बाजू माझी. नवी विहीर, नवा ट्रॅक्टर, नवी शेड, जे काही त्या घरात नवे येते त्याच्यापुढचा नारळ मी फोडायचा. शालनशी, म्हणजे माझ्या पत्नीशी, लग्न झाल्यापासून हे असेच चालत आले. धाकटे जावई आनंदराव तेव्हा सैन्याच्या वर्कशॉपमध्ये होते. वर्षातून एकदा सुटीवर येत, खाटेच्या पायथ्याशी बसत आणि निघून जात. मग ते निवृत्त झाले, त्यांनी सांगलीत लेथ मशीन टाकले, आणि माझ्या सासुरवाडीत दर आठवड्याला त्यांची मोटारसायकल दिसू लागली.

तेवढ्याने मी विचलित झालो नसतो. पण अश्विनी, माझी एकुलती एक मुलगी, इंजिनिअरिंगला सांगलीत गेली आणि मावशीकडे राहिली. म्हणजे आनंदरावांकडे राहिली. शिक्षण संपले तरी ती परत आली नाही. काकांच्या वर्कशॉपमध्ये एक काम चालू आहे, एवढेच ती फोनवर सांगे. पूर्वी तिचा फोन आला की मी बोलत असे आणि ती ऐकत असे. नंतर तिच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला काका येऊ लागले. काका म्हणतात खीळ बारीक हवी. काकांनी स्प्रिंग बदलली. काकांचं म्हणणं वेगळं आहे. मत्सर हा शब्द मी आजवर एकाही अर्जात लिहिलेला नाही, कारण त्यावर कोणत्याही कचेरीत निकाल मिळत नाही. पण त्या दिवसांत खंडाळ्याच्या वाऱ्यात टेबलावरचे कागद दगडाखाली दाबून बसलेला असताना, माझ्या छातीवरही तसाच एक दगड असे.

मग हंगाम आला. बेदाण्याच्या हंगामात तासगावकडची हवा कोरडी आणि नितळ होते. घाम येतो तो कातडीवर पोचण्याआधीच उडतो. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात. शेडमध्ये जाळ्यांचे थरावर थर असतात, आणि उन्हाची तिरीप त्यांतून जाताना हिरवट पिवळी होते. मधमाश्या गोड पाण्याच्या थेंबांवर अशा बसतात की त्यांना हाकलण्याची कुणाला गरज वाटत नाही. बाया जाळ्या हलवतात तेव्हा सुकलेले मणी खाली टपटपतात, आणि लांबून ऐकले तर पत्र्यावर कुणीतरी बोटे वाजवीत आहे असे वाटते. या सगळ्या दिवसांत माणसे एकाच गोष्टीला भितात. ढग. चार सरी आल्या की जाळीवरचा माल काळा पडतो. म्हणून त्या गावात बोलता बोलता माणूस वर पाहतो, जेवता जेवता पाहतो. ती तिथल्या मानेची सवय आहे.

त्याच ढगांसाठी ते विमान होते. विमान म्हटले म्हणजे हातभर लांबीचे, माणसाविना उडणारे. ढग जमू लागले की ते उंच पाठवायचे आणि वर ओल किती, वारा कुठे, ते खाली कळवून घ्यायचे, म्हणजे जाळ्यांवर कापड ओढायला वेळ मिळेल. ते धावत जाऊन उडायचे नव्हते. माळावर एक जाड नळी तिरकी रोवलेली होती, तिच्या बुडाशी हवा कोंडलेली टाकी. टाकीचा झडप-खटका सोडला की विमान नळीतून गोळीसारखे सुटायचे. नळीत मावायचे म्हणून त्याचे पंख अंगाशी मिटलेले. बाहेर पडल्यावर ते आपोआप उघडायचे. बंगळुरूच्या एका कंपनीचे दोघे इंजिनिअर ते पाहायला येणार होते. पंख उघडले तर अश्विनीला तिथे नोकरी होती.

मी रजा घेतली नाही, कारण माझ्या कामात रजा नसते. टेबलावर कापड झाकून मी निघालो. खंडाळा ते सातारा, सातारा ते कऱ्हाड, तिथून पुढे तासगाव. संपूर्ण प्रवासात मी एकाच विचाराची घडी घालत आणि उलगडत होतो. पंख उघडले तर माझी मुलगी आनंदरावांच्या नावावर चढणार होती. सातबारावर नाव चढते तशी. लोक म्हणणार होते, काकांनी पोरीला घडवली. आणि एकदा नाव चढले की ते कमी करून घेणे किती अवघड असते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

पोचलो त्या दुपारी अश्विनी शेडच्या सावलीत बसून मिटलेला पंख मांडीवर घेऊन घासत होती. मला पाहून उठली, पाया पडली, आणि पुन्हा पंखाकडे वळली. मी विचारले की यात एवढे कठीण काय आहे. तिने हातातली सुईएवढी खीळ दाखवली.

"अण्णा, नळीतून सुटताना निमिषभर हे विमान स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट जड होतं. ही खीळ आहे ना, ती तेवढ्यापुरती वरवंट्याएवढी होते. पंख तेव्हाच मोडून पडायला बघतात. तेव्हा त्यांनी मिटलेलंच राहायचं. आणि बाहेर पडले रे पडले की दोघांनी एकदम उघडायचं. एक आधी, एक मागून झाला तर विमान गिरकी खाऊन खाली."

मी म्हणालो की छत्रीचा खटका लावावा. छत्री ही परीक्षेला उतरलेली वस्तू आहे. आनंदराव बाजूला टाकीचा नट आवळत होते. ते मान न वळवता म्हणाले, "पावणं, छत्री आमच्याकडं वाऱ्यात उलटी हुती." दोन बाया जाळीआडून हसल्या. अश्विनीही हसली. ती कुणाला हसली हे नीट ठरवता न आल्यामुळे मी ते आनंदरावांच्या खात्यावर टाकले.

या विमानाच्या परवानगीचा अर्ज मी लिहून नेला होता. दोन पाने, समास सोडून, प्रत्येक परिच्छेद ‘सबब’वर उतरवलेला. तो मी खिशातून काढला तेव्हा अश्विनीने सांगितले की परवानगी मोबाइलवरून केव्हाच मिळाली. दोन ओळी भरायच्या होत्या. तो अर्ज मी पुन्हा खिशात ठेवला. आजही तो त्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, आणि भाषेच्या दृष्टीने त्याच्या तोडीचा अर्ज मी नंतर लिहू शकलेलो नाही.

घड्यांविषयी मला कुणी शिकवावे, असे नव्हते. अश्विनी लहान असताना शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली येऊन बसे. चुकलेले कागद मी तिला देत असे, ती त्यांची पाखरे करी. वर सरकारचे कामकाज आणि खाली पाखरे, असा माझा संसार होता. अर्जाची घडी कशी घालावी हे मी तिला तिथेच शिकवले. घडी सहीवर येऊ द्यायची नाही. कागद सगळ्यात आधी घडीवर मरतो. म्हणून जिथे अर्जाचा जीव आहे ती जागा घडीपासून दूर ठेवायची. ती हे वाक्य पाखरांना म्हणून दाखवी. माझ्या तोंडून निघालेले आणि दुसऱ्याच्या तोंडात जसेच्या तसे राहिलेले ते बहुधा एकमेव वाक्य असावे.

आणि त्या हंगामात, त्या दुपारी, आनंदरावांनी पंख हातात घेतला, बिजागरीवर बोट ठेवले आणि जमलेल्या चार माणसांना, मला धरून, समजावले: "वजन घडीवर येऊ द्यायचं न्हाई बगा. वस्तू आदी घडीवर मरती. म्हणून जीव आसल ती जागा घडीपासनं लांब. ह्यो आमचा नियमच हाय."

आमचा. मी खाटेच्या उशाकडे बसलेलो होतो. जमीन चोरीला गेली तर मोजणी मागता येते. वाक्य चोरीला गेले तर माणसाने कुठे जावे? सासूबाई माझ्या ताटात दही वाढत होत्या. त्यांनी विचारले की जावईबापू, ऊन बाधलं का. मी हो म्हणालो.

त्यापुढचे दिवस मला वासांनी आठवतात. सकाळी गंधकाचा, दुपारी द्रावणाच्या तेलाचा, संध्याकाळी डिंकासारख्या त्या गोंदाचा, जो अश्विनीच्या बोटांना लागलेला असे. काका-पुतणी म्हणावी तशी ती दोघे नळीपाशी ओणवी होऊन बोलत. बोलत म्हणजे भांडत. पट्टी जाड की पातळ, स्प्रिंग तीन वेढ्यांची की पाच. माझ्याशी अश्विनी कधी भांडलेली नव्हती. तिने माझे सगळे आजवर ऐकून घेतले होते. माणूस ज्याच्याशी भांडतो त्याच्याजवळ अधिक असतो, ही गोष्ट मी कितीतरी वाटणीच्या प्रकरणांत पाहिलेली होती. स्वतःच्या प्रकरणात ती कळायला त्या माळावर बसावे लागले. हंगामासाठी आधीच माहेरी आलेली शालन मात्र सुखात होती. बहिणीबरोबर बेदाणा निवडत ती मला म्हणाली की तुम्ही तोंड असं का केलंय, पोरगी शिकलेलं काम करतीय. मी म्हणालो की माझे तोंड नेहमीचेच आहे. ती म्हणाली, "त्येच म्हणतीय मी."

बंगळुरूचे दोघे आले त्या सकाळी मी इस्त्रीचा कोट घातला. नळीपुढे सडा टाकलेला होता. त्या भागात कोणतेही यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही. बोअरची मोटर असो की मळणीचे मशीन. विमान पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले. मी पुढे झालो. सासूबाईंनी नारळ उचलला, क्षणभर तोलला, आणि आनंदरावांपुढे धरला.

"आनंदराव, तुमी फोडा. तुमच्या हातचं काम हाय."

त्या घरातल्या नव्या वस्तूपुढचा नारळ मी फोडला नाही, असे प्रथमच घडत होते. आनंदरावांनी माझ्याकडे पाहिले. नको म्हणावे असे त्यांना वाटले असावे, पण म्हणाले नाहीत. नारळ एका घावात फुटला. मग सासूबाईंना माझी आठवण झाली आणि त्यांनी कुंकवाच्या अक्षतांचे तबक माझ्यापुढे केले: पहिल्या अक्षता थोरल्या जावयाच्या. मी मूठ भरून घेतली. लग्नात टाकतात तशा त्या मी विमानावर टाकल्या, अगदी सढळ हाताने, सर्वांना दिसेल अशा. मागून आनंदरावांनी टाकल्या, शालनने, तिच्या बहिणीने, शेडमधल्या बायांनी टाकल्या. बंगळुरूच्या दोघांनीही चार-चार दाणे टाकले. अश्विनीने विमान उचलून हलकेच झटकले आणि नळीत सरकवले.

मी त्या क्षणी काय मागत होतो, ते मी देवाखेरीज कुणाला सांगितले नाही. इथे लिहितो. पंख उघडू नये, असे मी मागत होतो.

हवा सुटल्याचा आवाज झाला. मोठ्या पिशवीवर कुणी पाय द्यावा तसा. विमान दिसलेच नाही, आणि मग एकदम उंच दिसले. उजवा पंख उघडला. डावा उघडला नाही. ते एका कुशीवर वळले, गिरक्या घेत खाली आले आणि सासूबाईंच्या सगळ्यात वरच्या जाळीत घुसले. जाळी फाटली, पिवळे मणी सरसर खाली सांडले. त्यानंतर मधमाश्यांचा तेवढा आवाज राहिला.

माझ्या छातीवरचा दगड हलला. हे सांगण्यात मला संकोच नाही. मी कोटाची बटणे नीट केली आणि आनंदरावांच्या चेहऱ्याकडे पाहण्यास सज्ज झालो. ते बंगळुरूच्या दोघांपुढे जाऊन उभे राहिले, सैन्यात राहतात तसे, हात अंगाशी, आणि म्हणाले की चूक माझी आहे. तोच अश्विनी शेडमधून आली. केसांत बेदाणे अडकलेले, हातात तो मिटलेला पंख.

"नाही काका. पंख माझा आहे. पहिल्या रेघेपासून माझा आहे. काकांनी फक्त मी सांगितलं तसं कातून दिलं."

ज्याच्यावर मी पूर्ण हंगामभर डोळा ठेवला होता, ज्याचे वाईट मी देवापाशी मागितले होते, तो पंख माझ्या मुलीचा होता. आनंदराव ‘आमचा’ म्हणत, ते घरचे म्हणून म्हणत. मी कधी विचारलेच नव्हते. मी दुसऱ्यांच्या अर्जात सर्वप्रथम विचारतो: मूळ मालक कोण? तोच प्रश्न मी तिथे विचारला नाही, कारण मला उत्तर ठाऊक असल्याची खात्री होती.

अश्विनीने टाचणीने बिजागरीच्या खाचेतून काहीतरी काढले आणि तळहातावर धरले. तांदळाचा दाणा होता. अर्धा चुरडलेला, कुंकवाने लाल. तिने बंगळुरूच्या दोघांना समजावले, आणि मलाही समजेल असे समजावले, की या पंखाचे कुलूप धक्क्यानेच बसते. नळीतला जो धक्का पंख मोडायला येतो, तोच कुलपाची गोटी मागे दाबून धरतो. धक्का सरला की गोटी आपोआप पुढे सरकते आणि पंख मोकळा होतो. डाव्या बाजूला गोटीच्या वाटेत हा दाणा होता. धक्का सरला, पण गोटी सरकली नाही.

सगळ्यांच्या नजरा तबकाकडे गेल्या आणि तिथून, मला वाटले, माझ्या मुठीकडे. सासूबाई पुटपुटल्या की कुणाची अक्षता म्हणायची ही. आनंदराव म्हणाले की माझी असेल. अश्विनीने दाणा उडवून दिला.

"कुणाची ते बघायचं नाही, आजी. तांदूळ शिरेल एवढी फट मी ठेवली. उद्या तिथं वाळू शिरली असती." मग ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली की एक तास द्या, दुसरे विमान तयार आहे, त्याची फट बुजवते.

पाहुण्यांनी घड्याळे पाहिली आणि होकार दिला. सायकलच्या जुन्या ट्यूबची कातरीने चिंधीसारखी पट्टी कापली गेली. पट्टी खाचेवर चिकटवायची होती आणि गोंद सुकेपर्यंत पंख अर्धवट मिटलेला, तसूभरही न हलता धरायचा होता. आनंदराव सवयीने पुढे झाले. नारळ एका घावात फोडणाऱ्या त्यांच्या हातात पंख दोनदा हलला आणि पट्टी दोनदा खाचेवरून सरकली. अश्विनीने त्यांच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

"अण्णा, घडी तुम्ही धरा. तुमचा हात हलत नाही."

मी कोट काढून खाटेवर टाकला. आजवरच्या आयुष्यात लेखणीखेरीज काही न धरलेल्या या दोन बोटांत तिने तो पंख दिला. तो बेदाण्याच्या मुठीइतका हलका होता. आतली स्प्रिंग बोटांना ढकलत होती, सारखी, एकसारखी. लहान मुलाला उचलून धरले की ते खाली उतरण्यासाठी ढकलते तसे. शेजारी अश्विनीचे डोके. तिच्या केसांतला एक बेदाणा मला दिसत होता, पण मी हात सोडला नाही. गोंद सुकेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ मला कुणाचाही मत्सर वाटत नव्हता. तो अनुभव इतका अपरिचित होता की मला थोडी चक्करही आल्यासारखी झाली.

दुसऱ्या वेळी पूजा झाली नाही. नारळ नाही, अक्षता नाहीत, कुणाला मान नाही. सासूबाईंनी दुरूनच हात जोडले. पुन्हा तो पिशवी फुटल्याचा आवाज आला. आणि मग आकाशात, अगदी बारीक, ‘टक’ असे ऐकू आले. दोन पंखांचा मिळून एकच आवाज. विमान क्षणभर थबकल्यासारखे झाले, मग सरळ झाले आणि शेडवरून, द्राक्षाच्या बागांवरून, ओढ्याकडे निघाले. त्या गावातल्या सगळ्या माना वर होत्या. ढग नसताना त्या तशा वर झालेल्या मी प्रथमच पाहिल्या.

संध्याकाळी आनंदराव खाटेवर पायथ्याशी येऊन बसले. अश्विनी पाहुण्यांना सोडायला तासगावच्या स्टँडवर गेली होती. आमच्यासमोर फाटलेली जाळी होती. माझ्याकडे न पाहता, त्या जाळीकडे पाहत ते बोलू लागले.

"पावणं, येक बोलू का? लय राग यायचा मला तुमचा. पोरगी माझ्या घरात खाती, माझ्या लेथवर काम करती, आन दिवसभर आपलं आण्णा. आण्णा म्हणत्यात घडीवर जीव ठिवायचा न्हाई. आण्णा म्हणत्यात आदी मूळ मालक कोन ते बगायचं. मी लष्करात तोफंचं काम केलं, पर माझं येक वाक्य कवा तिच्या तोंडात बसलं न्हाई. तुमचंच म्हणून म्हणून शेवटी माझ्याच तोंडात बसलं."

वाक्ये बांधणे हा माझा व्यवसाय आहे. तरी मी एवढेच म्हणालो की ते वाक्य तसे सामाईकात, दोघांच्या नावावर, राहू द्यावे. ते म्हणाले, "व्हय, ऱ्हाऊ द्या."

हे गेल्या वर्षीचे. अश्विनी त्यानंतर बंगळुरूला गेली. तिचे फोन येतात. त्यांत आता काका नसतात आणि अण्णाही नसतात. तिथले कुणी वरिष्ठ असतात, ज्यांचे म्हणणे नेहमी वेगळे असते, आणि ती त्यांच्याशी भांडते. त्या माणसाला मी पाहिलेले नाही. पाहण्याची इच्छाही नाही.

खोका आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी टेबलावर कापड झाकले आणि तासगावची गाडी धरली. वारस नोंदीचा अर्ज पूर्ण करूनच निघालो, बहिणीच्या नावासकट. माळावर सगळे तसेच होते. जाळीला नवे ठिगळ होते. ती नळी सासूबाईंनी उपटू दिली नव्हती. तिच्यावर एका बाजूने दुधी भोपळ्याचा वेल चढवला होता. आनंदराव आधीच येऊन बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना विचारले की अश्विनीचा फोन आला का. दोघेही म्हणालो की चार दिवस नाही. ते ऐकून दोघांनाही थोडे बरे वाटले, हे आम्हा दोघांनाही दिसले.

तेवढ्यात फोन वाजला. मी खिशाकडे हात नेला. आनंदरावांनीही नेला. फोन वाजत होता तो सासूबाईंच्या कमरेला, चंचीत. त्यांनी तो कानाला लावला, कोन म्हणून विचारले, आणि त्यांचा चेहरा उजळला. यंदा द्राक्षाला गोडी किती, वर आभाळ कसे, जाळ्या किती भरल्या, सगळे त्या सांगू लागल्या. मग आमच्याकडे पाठ करून शेडमध्ये शिरल्या. जाळ्यांच्या थरांमागून त्यांचे हसणे तेवढे ऐकू येत होते. काय बोलणे चालले आहे ते कळत नव्हते.

आनंदराव हळूच म्हणाले, "आता ह्या म्हातारीनं तिला काय शिकिवलंय म्हनायचं?"

मी त्यावर विचार केला. तिने तिला मान वर करून पाहायला शिकवले असावे. पण तसे मी बोलून दाखवले नाही. ते बोलणे म्हणजे आणखी एका माणसाचे नाव चढवून देण्यासारखे होते. मी खाटेवर थोडा सरकलो आणि आनंदरावांना पायथ्याहून मधोमध येऊन बसण्याइतकी जागा करून दिली. ते आले. आम्ही दोघेही शेडच्या दाराकडे पाहत, कान लावून, फोन संपण्याची वाट पाहत बसलो. उशाकडची बाजू मात्र मी सोडली नाही.